दुधी लावायची घाई नको

मे महिन्याचा दुसरा रविवार आला की शिकागोच्या पश्चिमेकडच्या आमच्या उपनगरात रोपवाटिकांसमोर गाड्यांच्या रांगा लागतात. मदर्स डे झाला की रोपं बाहेर लावायची, हा इथला जुना नेम. शेजारी टोमॅटो आणि मिरच्या लावतात, ते बघून आपणही खिडकीत वाढवलेली दुधी-कारल्याची रोपं उचलतो आणि त्याच दिवशी अंगणात लावून मोकळे होतो. टोमॅटोला ती तारीख कशीबशी चालून जाते. आपल्या वेलभाज्यांना चालत नाही.

पहिली काही वर्षं मीही हेच केलं. मग एका वर्षी १२ मे रोजी चार दुधी लावले आणि चौथ्याच रात्री फ्रॉस्टचा इशारा आला. जुन्या चादरी, उलट्या बादल्या, मिळेल ते घालून रोपं झाकली. सकाळी चारही जिवंत होती. पण पुढचे तीन आठवडे ती जागची हलली नाहीत. पानं पिवळट, कडा करपलेल्या, नवं पान बोटाच्या पेराएवढं होऊन तिथेच थांबायचं. उरलेलं बी वाया का घालवा म्हणून २ जूनला त्याच वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला दोन बिया सरळ मातीत टोकल्या. सहाव्या दिवशी त्या वर आल्या. जुलैच्या मध्यावर त्या वेलांनी आधीच्या वेलांना मांडवावर गाठलं, आणि घरात आलेला पहिला दुधी जूनच्या वेलाचा होता.

थंडीतून जगलेलं रोप पुढे गेलेलं असतंच असं नाही, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. उत्तर अमेरिकेत राहून परसात दुधी, कारलं, दोडका, घोसाळं, पडवळ लावणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं आहे. फ्रॉस्टची तारीख मोजायला सुरुवात करण्यासाठी असते, लागवडीचा मुहूर्त म्हणून ती धरायची नाही.

आधी ही तारीख म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे दहिवर म्हणतात तेच हे, पण इथे आपण सगळे फ्रॉस्टच म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. हवामानखात्याच्या तक्त्यांत वसंतातल्या शेवटच्या फ्रॉस्टची जी तारीख सर्रास दिलेली असते, ती पन्नास टक्के शक्यतेची असते. म्हणजे १० वर्षांपैकी ५ वर्षी त्या तारखेनंतरही पारा ३२ अंश फॅरनहाइटला, म्हणजे शून्य सेल्सिअसला, टेकलेला असतो. ‘सरासरी’ हा शब्द वाचून आपण निर्धास्त होतो, पण हा सरळ नाणेफेकीचा हिशेब आहे. त्याच तक्त्यांत दहा टक्के शक्यतेची तारीखही असते, म्हणजे त्यानंतर फ्रॉस्ट १० वर्षांत एखाद्याच वर्षी येतो. वेलभाज्यांसाठी ती तारीख बघा. दोन्ही तारखांत बहुतेक ठिकाणी साधारण दोन आठवड्यांचं अंतर पडतं. आमच्या भागात पन्नास टक्क्यांची तारीख मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येते, दहा टक्क्यांची मेच्या तिसऱ्या आठवड्याकडे सरकते. सध्याचे तक्ते १९९१ ते २०२० या ३० वर्षांच्या नोंदींवरून केलेले आहेत, त्यामुळे जुन्या पुस्तकातली तारीख धरून बसू नका.

इथे आणखी एक गल्लत सर्रास होते. बियांच्या पाकिटावर किंवा रोपाच्या चिठ्ठीवर ‘झोन’ लिहिलेला असतो आणि लोक तोच लागवडीच्या वेळेसाठी वापरतात. अमेरिकी कृषिखात्याचा झोनचा नकाशा (ताजा २०२३चा) फक्त एवढंच सांगतो की तुमच्या गावी हिवाळ्यातला सगळ्यांत थंड दिवस सरासरीने किती थंड असतो. गुलाब किंवा सफरचंदाचं झाड हिवाळा काढेल की नाही, हे ठरवायला तो उपयोगी. दुधी तर हिवाळा बघतच नाही. सिएटल आणि डॅलस या नकाशात अगदी जवळजवळच्या पट्ट्यांत येतात, पण डॅलसला दुधी मांडव मोडेल इतका फोफावतो आणि सिएटलच्या गार उन्हाळ्यात त्याला जपावं लागतं. तेव्हा झोन विसरा.

तक्त्यातली तारीख बहुधा विमानतळावरच्या किंवा तशाच मोकळ्या जागेतल्या नोंदींवरून काढलेली असते. तिथला तापमापक जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर असतो. स्वच्छ आकाश आणि वारा पडलेला, अशा रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशाकडे सोडते. अशा वेळी पाच फुटांवर ३६ अंश दाखवत असले, तरी जमिनीलगतच्या पानावर दहिवर पडलेलं असू शकतं. गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागेत साठते. तुमचं अंगण उताराच्या तळाशी असेल, किंवा मागे गच्च कुंपण असून हवा तिथेच अडत असेल, तर शेजारच्या गल्लीपेक्षा तुमच्याकडे फ्रॉस्ट जास्त दिवस रेंगाळेल. उलट विटांची दक्षिणाभिमुख भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडत राहते. शिकागोत सरोवराच्या काठी राहणाऱ्यांना शरदात आमच्यापेक्षा दोन आठवडे तरी जास्त मिळतात, कारण मिशिगन सरोवराचं पाणी हळूहळू गार होतं. मात्र वसंतात तेच पाणी काठावरची हवा गार ठेवतं.

म्हणून एक साधा किमान-कमाल तापमापक घ्या आणि मांडव घालणार तिथे, रोपाच्या उंचीवर टांगा. रोज सकाळी त्याचा किमान आकडा आणि विमानतळाचा किमान आकडा शेजारी-शेजारी लिहा. एका वसंतात कळतं की तुमचं अंगण नेहमी तीन अंशांनी गार आहे की दोन अंशांनी उबदार. माझं चार अंशांनी गार निघालं. तेव्हापासून बातम्यांत ३७ सांगितले की मी ३३ समजते.

आता मातीकडे येऊ. माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे.

दुधी, कारलं, दोडका हे सगळे उष्ण प्रदेशातले वेल. त्यांना मारायला फ्रॉस्टच लागतो असं नाही. तापमान ५० अंशांच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या, खाली गेलं तरी पेशींना इजा होते. मुळं पाणी ओढेनाशी होतात, माती ओली असूनही पान मलूल दिसतं आणि आपण आणखी पाणी घालतो. ६० अंशांच्या खालच्या मातीत बी बहुधा रुजतच नाही, कुजतं. रुजायला त्याला ८० ते ९० अंश मनापासून आवडतात. रोप लावायचं तर चार इंच खोलीवरची माती सकाळी किमान ६५, आणि कारलं-पडवळ असेल तर ७० अंश हवी. रात्रीचं किमान तापमान सलग आठवडाभर ५५च्या वर हवं.

मातीचं तापमान मोजायला वेगळं काही घ्यायची गरज नाही. दुधाला विरजण लावताना वापरतो तो काटीचा तापमापक पुरे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, वाफ्यावर ऊन चढण्याआधी, चार इंच खुपसा, दोन मिनिटं थांबा, आकडा लिहा. दुपारचा आकडा फसवतो. एका सकाळचा आकडाही फसवतो. पाच-सहा सकाळी तोच आकडा मिळाला तर विश्वास ठेवा.

माती लवकर तापवायची असेल, तर लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी वाफ्यावर काळं प्लास्टिक ताणून बसवा. कडा मातीत नीट दाबा, प्लास्टिक मातीला चिकटून असलं तरच ऊब आत पोचते. उंच वाफा सपाट जमिनीपेक्षा आधी तापतो. गवताचं किंवा लाकडाच्या भुशाचं आच्छादन मात्र इतक्यात घालू नका. ते जुलैच्या उन्हात ओल धरायला उत्तम, पण मेमध्ये घातलं की मातीतला गारवा तसाच कोंडून ठेवतं.

हे सगळं पाळलं की आमच्याकडे लागवडीचा दिवस २५ मे ते ७ जून यांच्या दरम्यान येतो. चिपळूणजवळच्या आमच्या घरी आई मृग लागला की परसात आळी करायची आणि पडवळ, दोडका, काकडीचं बी टोकायची. मृग ७-८ जूनला लागतो. कोकणात ती तारीख पावसासाठी, इथे मातीच्या उबेसाठी, कारणं अगदी वेगळी. तरी ओळखीची तारीख डोक्यात पक्की बसते, म्हणून आमच्या मंडळातल्या नव्या कुटुंबांना मी सांगते की फार हिशेब जमत नसेल तर मृगाच्या आठवड्यात लावा, शिकागोत सहसा चुकणार नाही. जर्मनीत राहणाऱ्यांना तिथले शेजारी ‘हिमसंतां’चे दिवस सांगतील, ११ ते १५ मे. ते सरेपर्यंत नाजूक रोप बाहेर काढायचं नाही, असा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा संकेत. ते उत्तम, पण त्यांनाही माती मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका असंच सांगेन.

लागवडीचा दिवस ठरला की तिथून उलटं मोजायचं. दुधी आणि भोपळ्याचं बी घरात तीन आठवडे आधी, कारलं आणि पडवळ रुजायला आळशी म्हणून चार ते पाच आठवडे आधी. यापेक्षा लवकर लावण्यात फायदा नाही, तोटाच आहे. मार्चमध्ये लावलेला दुधी मेपर्यंत खिडकीत दोन हात वाढतो, ताणे पडद्याला गुंडाळतो, कुंडीत मुळांचं भेंडोळं होतं. या कुळातल्या वेलांना मुळं दुखावलेली अजिबात खपत नाहीत. दोन-तीन खऱ्या पानांचं लहान रोप लावलं की ते लगेच धरतं.

बियांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. भारतातून येताना सामानात बी टाकून आणू नका. त्यासाठी रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर ते काढून घेतात. इथल्या भारतीय किराणा दुकानांत आणि बियाण्याच्या कंपन्यांकडे वसंतात सगळं मिळतं.

कारल्याचं बी मी असं रुजवते. नखं कापायच्या कात्रीने बीच्या टोकदार बाजूची जरा कड उडवायची, आतल्या गराला धक्का न लावता. मग वाटीत कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालायचं. सकाळी ओल्या कागदी रुमालात गुंडाळून झिपच्या पिशवीत, आणि पिशवी ओव्हनमध्ये, फक्त दिवा लावून. डोशाचं पीठ थंडीत आपण जिथे आंबवतो तीच जागा. माझ्या ओव्हनमध्ये दिव्याने ८५ अंशांच्या आसपास ऊब राहते, आणि कारल्याला हवी तीही तेवढीच. ओव्हनच्या दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, कारण घरातलं कुणीतरी पिझ्झा करायला ओव्हन तापवतं आणि बी भाजून निघतं. आमच्याकडे एकदा झालं आहे. चौथ्या दिवसापासून रोज बघा. पांढरा मोड दिसला की कागदाच्या पेल्यात, मोडाचं टोक खाली करून, अर्धा इंच खोल ठेवा. दुधीला एवढे लाड लागत नाहीत, रात्रभर भिजवून सरळ पेल्यात लावला तरी आठवड्यात वर येतो.

बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस रोपांना हवेची सवय करायची. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडं जास्त ऊन, थोडा वारा. हे टाळलं तर घरातलं कोवळं पान पहिल्याच उन्हात पांढरं पडतं. लावताना कागदी पेला बुडाशी फाडायचा, मातीचा गड्डा हलवायचा नाही, आणि पाणी नळाचं गार न देता बादलीत उन्हात तापलेलं द्यायचं. ढगाळ दिवसाची संध्याकाळ यासाठी उत्तम.

वसंताचा हिशेब बरेच जण करतात. शरदाचा विसरतात, आणि सप्टेंबरात फुलांनी लगडलेला, पण फळ नसलेला दोडका बघत बसतात.

आमच्याकडे पहिला फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास येतो. कागदावर मे ते ऑक्टोबर म्हणजे पाच महिने दिसतात. पण जूनच्या सुरुवातीला लावायचं आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर रात्री ५०च्या खाली जाऊ लागतात, म्हणजे खरे उबदार दिवस जेमतेम ११०. बियांच्या पाकिटावरचे दिवस या ११०मध्ये बसतात का ते बघायचं, आणि ऑगस्टनंतर वाढ मंदावते म्हणून आणखी दोन आठवडे वजा करायचे. कोवळा दुधी बी रुजल्यापासून ६० ते ७० दिवसांत मिळतो, म्हणजे आरामात. कारलंही बसतं. पडवळ बसतं, पण रोप घरातून तयार करून नेलं तरच. भाजीसाठी घोसाळं मिळेल. अंग घासायच्या जाळीसाठी ते वेलावरच वाळवायचं असेल तर १५० ते २०० उबदार दिवस लागतात, शिकागोत तो नाद सोडा. कोहळा आणि लाल भोपळा जूनच्या पहिल्या आठवड्यापलीकडे ढकलू नका.

दोडक्याची गोष्ट वेगळी. त्याचा वेल दिवसाची लांबी मोजतो. दिवस लहान होऊ लागले की त्याला फुलं सुचतात. मुंबईत वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, शिकागोत सव्वापंधरा. त्यामुळे जून-जुलैभर आपला देशी दोडका इथे नुसता पाला वाढवतो, आणि ऑगस्ट सरता सरता मादी फुलं धरतो. तोवर थंडी दाराशी. खतं बदलून, छाटून काही होत नाही. मी तीन वर्षं दोडक्यामागे घालवली आणि शेवटी त्या जागी घोसाळं लावलं, ते दिवसाच्या लांबीला इतकं अडून बसत नाही. दोडकाच हवा असेल तर उत्तरेकडच्या लांब दिवसांत फळणारी जात बघून घ्या, पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तरच पैसे द्या.

दुसऱ्या गावांसाठी हिशेब तोच, आकडे वेगळे. न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला एप्रिलअखेर फ्रॉस्ट बहुतेक सरतो, लागवड मेच्या उत्तरार्धात. टोरंटोच्या लोकांनी व्हिक्टोरिया डेची सुट्टी होऊन जाऊ द्यावी आणि मग माती मोजावी. डॅलसला मार्चच्या मध्यानंतर फ्रॉस्ट विरळ, एप्रिलमध्ये लावता येतं. शिवाय पहिला फ्रॉस्ट नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत लांबतो, म्हणून जुलैअखेर दुसरी लावणीही निघते. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याजवळ फ्रॉस्टची भीती फारशी नाहीच, पण उन्हाळ्यातही रात्री ५५च्या आसपास रेंगाळतात. तिथे तारीख बघण्यापेक्षा तापणारी भिंत शोधा. खाडीच्या आतल्या बाजूला, फ्रीमाँटकडे, दुधी मजेत येतो.

लावल्यानंतरही एखादी गार रात्र येतेच. इशारा आला की संध्याकाळी माती भिजवा, ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते. उन्हं उतरण्याआधी चादर घाला आणि ती जमिनीपर्यंत टेकू द्या, कारण ऊब खालून येते, वरच्या वर बांधलेल्या चादरीचा उपयोग नाही. पानाला चिकटलेलं प्लास्टिक चादरीपेक्षा वाईट, चिकटेल तिथे पान जळतं. सकाळी ऊन आलं की काढा. दिवसचे दिवस बारीक जाळीचं कापड घालून ठेवलं असेल, तर फुलं दिसताच काढायला हवं, नाहीतर किडे आत येणार कसे? दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीचे पतंग ते फळवतात. पतंग कमी असतील तर तिन्हीसांजेला नर फुलाचे पराग मादी फुलाला आपणच लावायचे. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या पाठीशी बोटभर लवदार दुधी असतोच.

ऑक्टोबरात पहिल्या फ्रॉस्टचा इशारा आला की टॉर्च घेऊन सगळा मांडव रिकामा करा. कोवळी फळं एका रात्रीत काचेसारखी होऊन मऊ पडतात, ती दुसऱ्या दिवशी वाचवता येत नाहीत. या शेवटच्या फळांबाबत एक काळजी घ्या. वेलीला थंडीचा किंवा पाण्याचा ताण पडला की दुधीत कडू विष जास्त तयार होऊ शकतं. कडू दुधीच्या रसाने भारतात मृत्यू झाले आहेत आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यासाठी समिती नेमून लोकांना सावध केलं होतं. चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून बघा. जरा जरी कडू लागली तरी थुंका आणि आख्खं फळ टाकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही.

बियांसाठी राखलेला दुधी मात्र घाईने काढू नका. साल नखाने ओरखडा न पडेल इतकी कडक आणि देठ तपकिरी झालेला असेल, तर हलका फ्रॉस्ट त्याला काही करत नाही, वेल मरतो आणि फळ तसंच राहतं. दोन इंच देठ ठेवून कापा, पुसून गॅरेजमध्ये हवेशीर फळीवर ठेवा, मधूनमधून फिरवा. वरून बुरशीचे डाग येतील, ते पुसले जातात. फळ मऊ पडलं तर मात्र टाका. वाळायला तीन ते सहा महिने लागतात. कानाशी धरून हलवा, आत बी खुळखुळलं की करवतीने कापायला हरकत नाही, आणि ते सहसा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, म्हणजे ओव्हनचा दिवा लावायच्या आधी महिना-दीड महिना.